मॉरिशस आधी, स्वर्ग नंतर? ट्वेन असं म्हणालाच नव्हता

मॉरिशसच्या हनिमून पॅकेजच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास दिसतं: ‘देवाने आधी मॉरिशस घडवलं, मग त्यावरून स्वर्ग.’ खाली नाव अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेनचं.

ट्वेन 1896 मध्ये तिथे गेला होता, हे खरं. पण 1897 च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात तो हे बोल एका स्थानिक रहिवाशाच्या तोंडी घालतो. लगेच दुसरा रहिवासी सांगतो, की ही अतिशयोक्ती झाली. राजधानी पोर्ट लुईमध्ये नाइलाज असल्याशिवाय कोणी राहत नाही आणि क्युरपिप या गावाइतका पाऊस जगात कुठे पडत नसेल. म्हणजे ट्वेनने बेटावरच्या बढाईची फिरकी घेतली आणि जाहिरातवाल्यांनी पुढचं वाक्य कापून टाकलं.

त्याच पोर्ट लुईत आप्रवासी घाट आहे. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी आणलेले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, याच धक्क्यावर उतरले. सोळा दगडी पायऱ्या, बस्स. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही त्यांत होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

मॉरिशसचं काव्यमय वर्णनच हवं असेल, तर तिथल्याच खाल तोराबुली या कवीकडे जावं. ‘कुली’ ही शिवी त्याने उचलली आणि तिच्यातून या मजुरांच्या वंशजांची ओळख सांगणारा ‘कुलीट्यूड’ हा शब्द घडवला. या ओळखीसाठी त्याने वापरलेली प्रतिमा मुळांची नाही, प्रवाळाची आहे: समुद्रातच वाढणारं, कठीण, तरी जिवंत. पॅकेजच्या पत्रकावर हे छापणार कोण म्हणा!