पार्श्वभूमी : भुवईतली सुई पार्लरची की दवाखान्याची?

मुंबईत मायक्रोब्लेडिंग, लिप ब्लश किंवा पर्मनंट आयलायनर करणाऱ्या स्टुडिओच्या भिंतीवर चार-पाच कागद फ्रेम करून लावलेले असतात. त्यातला एकही पर्मनंट मेकअपसाठी, म्हणजे भुवई, ओठ वा पापणीच्या त्वचेत सुईने रंग भरण्यासाठी, लिहिलेला नाही. एक दुकानासाठी, एक सलूनसाठी, एक व्यवसाय करासाठी. त्वचेत सुई घालण्यासाठी एकही नाही.

सुईने रंग भरणे इथे नवे नव्हते. जत्रेत आणि आठवडी बाजारात गोंदणाऱ्या बायकांना कधी कोणी कागद विचारला नाही. शहरात कागद आला तो न्हाव्याच्या दुकानातून. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातले कलम ३९४ हे आरोग्याला अपाय किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होईल अशा धंद्यांना परवान्याखाली आणते. केशकर्तनालये त्यात आली, पुढे पार्लरे आली आणि पार्लरच्या पाठोपाठ पर्मनंट मेकअप. त्यामुळे तपासणीची नजरही सलूनचीच राहिली: पाणी, सांडपाणी, उजेड, टॉवेल, कर्मचाऱ्यांचे वैद्यकीय दाखले. निळ्या दिव्याची अतिनील पेटी दिसली की निर्जंतुकीकरणाची सोय आहे असे समजले जाते. ती पेटी फक्त उजेड पडेल त्या पृष्ठभागावरचे जंतू कमी करते. चिमट्याच्या सांध्यात किंवा हँडलच्या खाचेत तिचा काही उपयोग नाही. पुन्हा वापरायच्या अवजारांना ऑटोक्लेव्हच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्रच हवे: १२१ अंश सेल्सियस, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या अवजारांना ३० मिनिटे.

गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला, हा दुसरा कागद. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणी होती, नूतनीकरण होते. १९ डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा लागू झाला आणि त्याच्या मूळ मजकुरात दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची नोंदणी गेली; ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. दोन-तीन माणसांचा स्टुडिओ यातच बसतो. कागदपत्रे कमी झाली हे चांगलेच झाले, पण पावतीला अजूनही परवाना म्हटले जाते आणि बँकेपासून घरमालकापर्यंत सगळे तिच्यावर विसंबतात. ती पावती जागा अधिकृत असल्याचा पुरावा नाही आणि आरोग्य परवान्याची जागाही घेत नाही. राहत्या फ्लॅटमध्ये काम सुरू करणारे इथेच अडकतात: डॉक्टरला स्वतःच्या राहत्या जागेत बाह्यरुग्ण दवाखान्याची जी मुभा विकास नियंत्रण नियमावली देते, ती पार्लरला आपोआप मिळत नाही. सोसायटीने तक्रार केली की पावती पुढे करून भागत नाही. म्हणून आधी जागेचा मंजूर वापर पाहावा, मग लीव्ह अँड लायसन्सचा करार, मग पावती, मग आरोग्य परवाना. क्रम उलटला तर डिपॉझिट अडकते.

पाटीचा मुद्दा त्यामानाने सरळ आहे. मार्च २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत; सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली. प्रकाशित पाटीला कलम ३२८ अ खाली वेगळी परवानगी लागते, ती बहुतेक जण विसरतात.

खरा गुंता वापरलेल्या सुईचा आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांची व्याप्ती वाचली तर स्टुडिओ त्यात येणारच असे वाटते. कचरा ‘कोणत्याही स्वरूपात’ निर्माण करणारे सगळे त्यात आहेत आणि उदाहरणांत रुग्णालये, दवाखाने, रक्तदान शिबिरे यांच्यासोबत शाळेतली प्रथमोपचार खोलीसुद्धा आहे. पार्लर किंवा टॅटू स्टुडिओ मात्र नाही. मग व्याख्येकडे वळावे तर तिथे जैववैद्यकीय कचरा म्हणजे निदान, उपचार किंवा लसीकरण, त्याविषयीचे संशोधन वा आरोग्य शिबिर यांतून आलेला कचरा. भुवई भरणे यातले काहीच नाही. दुसरीकडे त्याच वर्षीच्या घनकचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या सुया घातक घरगुती कचऱ्यात धरल्या, पण त्या घरात निर्माण झालेल्या असतील तर. स्टुडिओ घरही नाही. एकच रक्त लागलेली सुई दोन नियमांच्या मधल्या फटीतून खाली पडते आणि बहुधा ओल्या कचऱ्याच्या पिशवीत जाते, जिथे ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

व्याख्येवर बोट ठेवून ‘आम्हाला लागू नाही’ म्हणणारा एक पक्ष आहे. नियमाचा हेतू पाहिला तर तो टिकत नाही: हिपॅटायटिस बीचा विषाणू सुई उपचाराची होती की सौंदर्याची, हे विचारत नाही. जैववैद्यकीय कचरा नियमांखाली जी मंजुरी घ्यावी लागते, तिच्या अर्जाच्या नमुन्यात मात्र अडचण खरीच आहे. त्यात खाटांची संख्या आणि महिन्याला तपासलेले रुग्ण विचारतात. खाटांपुढे शून्य लिहिता येते. ग्राहकांना रुग्ण म्हणायचे का, यावर खिडकीपाशी गाडी थांबते. खाटा नसलेल्यांना ही मंजुरी एकदाच घ्यावी लागते, दरवर्षीच्या अहवालाची तारीख ३० जून. तरी अनेक जण सोपी वाट धरतात, शेजारच्या दातांच्या दवाखान्याच्या पिशवीत आपला कचरा टाकतात. त्या पिशवीवर दवाखान्याचा बारकोड असतो, म्हणजे उद्या सुई भलतीकडे सापडली तर जबाब त्या डॉक्टरला द्यावा लागतो. कोणीही शहाणा डॉक्टर हे फार काळ चालू देणार नाही.

मंजुरीचा वाद काहीही असो, वर्गवारी आजच करता येते. मशीनच्या सुईची कार्ट्रिज आणि मायक्रोब्लेडिंगचे पूर्ण डिस्पोजेबल पेन, टोपण पुन्हा न लावता, सुई न मोडता, पांढऱ्या अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. रक्त किंवा जखमेतला स्राव लागलेला कापूस आणि गॉज पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. ४८ तासांची मर्यादा पिवळ्या पिशवीतल्या मळलेल्या कचऱ्याला आहे, म्हणून आठवड्यातून एकदाच येणारी कचऱ्याची गाडी पुरत नाही. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस हाही त्याच नियमांचा भाग आहे. ग्राहकाच्या संमतिपत्रात आणखी एक ओळ हवी: पुढचे बारा महिने रक्तदान करता येणार नाही.

हे काम वैद्यकीय आहे का, हा प्रश्न सप्टेंबर २०२२ नंतर जास्त टोकदार झाला. केस प्रत्यारोपण शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे, असे तेव्हा केंद्रीय पातळीवरून सांगितले गेले. भुवईतल्या रंगाला ते लागू नाही. पण टक्कल झाकण्यासाठी डोक्यात ठिपके भरणारे स्टुडिओ प्रत्यारोपणाच्या जाहिरातींच्या शेजारी बसतात आणि संशयाच्या कक्षेत येतात. बधिरतेच्या क्रीमबाबत तर शंकेला जागाच नाही: लिडोकेन आणि प्रिलोकेन ही औषधे आहेत. केमिस्टच्या बिलासह घेतलेली, उत्पादन परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेली २.५-२.५ टक्क्यांची ट्यूब वेगळी आणि कुरिअरने आलेली ‘दहा टक्के’वाली बिननंबरी ट्यूब वेगळी. दुसऱ्या फेरीत, सोललेल्या त्वचेवर थर दिला की औषध रक्तात जास्त उतरते, हे ती विकणारा सांगत नाही.

जीएसटीत मात्र शासनाने हा धंदा सौंदर्यसेवेत धरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ ऐवजी ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट नाही. त्यामुळे मशीन आणि पिगमेंटवर भरलेला कर आता खर्चातच धरावा लागतो. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर बहुधा नोंदणीचीच गरज नाही. व्यवसाय कराचे २५०० रुपये तेवढे दरसाल चुकत नाहीत.

राहिला रंग. १९४० च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत चोळण्या-फवारण्यासोबत शरीरात ‘घातल्या’ जाणाऱ्या वस्तूही घेतल्या आहेत, त्यामुळे पिगमेंट याच कायद्याखाली येते असे मानणे रास्त. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार आयात मालाला नोंदणी हवी आणि लेबलवर नोंदणी क्रमांक, नोंदणीधारकाचे नाव व पत्ता हवा. रंगद्रव्यात शिसे २० आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या (दहा लाखांत एवढे भाग) वर चालत नाही. युरोपात ४ जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि पर्मनंट मेकअपच्या शाईवर हजारो रसायनांची बंधने आली आणि बाटल्यांवर ‘रीच’ हा शब्द झळकू लागला. तो युरोपच्या नियमांचा दाखला आहे, भारतातल्या आयात नोंदणीचा नाही. क्रॉफर्ड मार्केटात घेतलेल्या बाटलीवर तो शब्द असला आणि आयातदाराचा पत्ता नसला, तर ती बाटली टेबलावर ठेवू नये. बाटली घेताना बिल घ्यावे, बॅच क्रमांक ग्राहकाच्या कार्डावर लिहावा. सहा महिन्यांनी ओठांवर गाठी उठल्या तर त्वचारोगतज्ज्ञ पहिल्यांदा तोच मागतो.