परसातला कोंबडा

घरामागं पाच-दहा गावठी कोंबड्या असतात त्यांच्यात पिल्लांसाठी आणि राखणीसाठी ठेवलेला नर म्हणजे परसातला कोंबडा. अंड्यांसाठी त्याची गरज नसते, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते, फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. साधारण ८ ते १० माद्यांमागं एक नर पुरतो. जास्त ठेवले की माद्यांच्या पाठीवरची पिसं जातात आणि नर आपसात भांडून तुरे रक्तबंबाळ करून घेतात.

शहाणा कोंबडा ओळखायचा तर मूठभर ज्वारी टाकून बघायचं. चांगला नर दाणा चोचीत उचलतो, परत खाली टाकतो, कुक-कुक-कुक करत माद्यांना बोलावतो आणि त्या टिपायला लागल्या की मग स्वतः खातो. काही बेरकी नर तर दाणा नसतानाच हाक मारतात, मादी जवळ यावी म्हणून! दुसरी परीक्षा घारीची, वर सावली फिरली की तो एक वेगळाच आवाज काढतो आणि सगळा कळप झुडपाखाली पळतो. मुंगूस किंवा कुत्रं जमिनीवरून आलं तर ओरडणं वेगळं असतं.

५-६ महिन्यांचा नर वयात येतो तेव्हा थोडा माजतोच, त्यावरून लगेच मत बनवू नये. पण एक पंख खाली सोडून तिरका तिरका नाचत तो माणसाकडं यायला लागला, मानेची पिसं फुलवली, की समजायचं आता पायावर झेप येणार. अशा वेळी पळायचं नाही, आणि लाथ तर अजिबात मारायची नाही, कारण त्याला वाटतं समोरचा लढायला तयार झाला. शांतपणे जागेवर उभं राहायचं, जमलं तर उचलून काखेत धरायचं आणि तसंच घेऊन आपली कामं करत फिरायचं, बऱ्याचदा गडी नरमतो. पायामागचा काटा फार वाढला असेल तर टोक कानशीनं बोथट करतात, मुळापर्यंत कापायचं नाही, आत रक्त असतं. एवढं करूनही लहान पोरांच्या तोंडावर उडत असेल तर तो ठेवू नये आणि त्याची पिल्लंही काढू नयेत, कारण तापटपणा बऱ्यापैकी रक्तातून उतरतो.

इथंच आपल्याकडं घोळ होतो. गटारीला नाहीतर जत्रेला सगळ्यात दणकट नर विकला किंवा कापला जातो आणि मागं जो उरतो तोच पुढच्या पिढीचा बाप होतो. निवड उलटी करायला पाहिजे, आधी स्वभाव आणि अंगकाठी बघून एक राखायचा, मग बाकीचे बाजारात. दरवर्षी-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी अदलाबदल केली तर भावाबहिणींची पैदासही टळते. मात्र नवा नर आणला की त्याला निदान दोन ते चार आठवडे लांब वेगळा ठेवायचा, मानमोडीसारखा रोग असाच शिरतो.

आरवण्याची तक्रार शहराच्या कडेला जास्त. कोंबडा उजेड बघून आरवतो असं समजतात, पण जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की सतत मंद उजेडात ठेवलं तरी तो अंगातल्या घड्याळावर आरवतो. २०१५ मध्ये त्यांनीच दाखवलं की पहिला मान कळपातल्या वरचढ नराचा, बाकीचे त्याच्यामागून क्रमानं. त्यामुळं डालग्याखाली झाकून आवाज थोडा दबतो, पण पहाटेचं आरवणं काही चुकत नाही. शेजारी फारच चिडके असतील तर नुसत्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, पाळाव्यात.