सोशल मीडियाचा कंटाळा: मित्र कमी होत गेले त्याची पार्श्वभूमी

सोशल मीडियाचा कंटाळा आला असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा दोष स्वतःच्याच माथी मारतो. वय झालं, कामं वाढली, पूर्वीचा उत्साह राहिला नाही, वगैरे. गेल्या वीस वर्षांचा इतिहास चाळला तर वेगळंच दिसतं. माणसं बदलली असतील, पण ही जागा त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त बदलली.

१९९७ मध्ये सिक्सडिग्रीज हे संकेतस्थळ आलं, मग फ्रेंडस्टर, मायस्पेस, आणि २००४ च्या सुरुवातीला पाठोपाठ ऑर्कुट आणि फेसबुक. या सगळ्यांच्या मुळाशी ओळखीच्या माणसांची यादी होती. कोणाचं काय चाललंय हे कळायचं तर त्याच्या पानावर जाऊन पाहावं लागे. ऑर्कुटवर स्क्रॅप, म्हणजे छोटा निरोप, टाकायचा आणि उत्तराची वाट बघायची. पाहण्यासारखं पाहून झालं की कॉम्प्युटर बंद. पाहून संपणं शक्य होतं, ही गोष्ट आज विसरल्यासारखी झाली आहे.

सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं. आता पानावर जायची गरज उरली नाही. सगळ्यांच्या हालचाली आपणहून समोर येऊ लागल्या. लोक भडकले. विरोधासाठी निघालेल्या गटांत काही दिवसांत लाखो जण सामील झाले, आणि गंमत म्हणजे त्या गटांची बातमी पसरली ती न्यूज फीडमुळेच. कंपनीने गोपनीयतेची थोडी सोय वाढवली, फीड मात्र मागे घेतलं नाही. लोक ओरडतात आणि वापरही वाढवतात, हे तेव्हाच कंपनीच्या लक्षात आलं असावं. पुढच्या जवळपास प्रत्येक बदलाच्या वेळी हेच घडलं.

त्याच वर्षी एझा रास्किन या डिझायनरने कितीही खाली सरकवलं तरी न संपणाऱ्या पानाची कल्पना मांडली. पुढे त्याने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं, ट्विटरवर रीट्विटचं. आता प्रत्येक पोस्टला आकडा चिकटला, आणि आकडा असला की क्रमवारी लावता येते. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये वेळेनुसार लागणारा क्रम बदलायचं ठरवलं. कारण दिलं की लोकांच्या नजरेतून त्यांच्या फीडचा सरासरी ७० टक्के भाग निसटतो. त्यातलं काय पाहायचं, हे मात्र यापुढे यंत्र ठरवणार होतं.

२०१७ आणि २०१८ ही भ्रमनिरासाची वर्षं. लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं खाता येईल, याच विचारातून हे सगळं उभं राहिलं, असं फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनीच सांगितलं. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण बाहेर आलं: या राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्यांना न विचारता पोचली होती. सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यात गेली असावी, हा फेसबुकचाच अंदाज. त्याआधी जानेवारीत फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याची घोषणा केली होती. पण महत्त्व मिळालं ते कमेंट आणि शेअरना, आणि भांडणावर कमेंट भरपूर येतात. त्यातून चिडवणारा मजकूर वर येतो, अशी चिंता कंपनीच्या आत व्यक्त झाली होती. २०२१ मध्ये फुटलेल्या कागदपत्रांतून ते उघड झालं.

मित्रांची यादी खऱ्या अर्थाने निकालात काढली टिकटॉकने. तिथे कोणाची ओळख असावी लागत नाही. बोट कुठे थांबतं एवढं यंत्राला कळलं की पुरे. इन्स्टाग्रामने २०२० मध्ये रील्स आणून तोच रस्ता धरला. याची सर्वांत स्पष्ट कबुली २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका मक्तेदारीच्या खटल्यात मिळाली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने तिथे आकडे दिले: फेसबुकवरच्या वेळेपैकी जेमतेम १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवरच्या वेळेपैकी फक्त ७ टक्के वेळ मित्रांचा मजकूर पाहण्यात जातो. आम्ही आता मुख्यतः करमणुकीच्या धंद्यात आहोत आणि तिथे टिकटॉकसारखे स्पर्धक आहेत, मग मक्तेदारी कसली, असा बचावाचा सूर होता. नोव्हेंबरमध्ये निकाल मेटाच्या बाजूने लागला. म्हणजे ‘इथे आता ओळखीचं कोणी दिसत नाही’ ही नेहमीची तक्रार कंपनीनेच कोर्टात पुराव्यानिशी मांडली!

मग माणसं तिथे का राहतात? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला, समाधान किंचित वाढलं, बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. हा शेवटचा तोटा खरा आहे, तो झटकून टाकू नये. त्याहून बोलका अभ्यास २०२३ मधला, अमेरिकन कॉलेज विद्यार्थ्यांवरचा. एकट्याने महिनाभर टिकटॉक सोडायचं तर ते सरासरी ५९ डॉलर मागत होते, इन्स्टाग्रामसाठी ४७. पण कॉलेजमधल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर उलट स्वतःच्या खिशातून अनुक्रमे २८ आणि १० डॉलर द्यायला तयार होते. त्यांना धरून ठेवत होती ती एकटं पडण्याची भीती.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना या मंचांवर खातं ठेवता येत नाही. कायदा त्याच्या वर्षभर आधी मंजूर झाला होता. तो कितपत पाळला जाईल हा वेगळा प्रश्न, पण तिथे निदान सगळ्यांचं एकदम बंद होतं. प्रौढ मात्र एकेकटेच बाहेर पडतात, आणि बरेचसे ॲप न काढता फक्त पोस्ट टाकणं थांबवतात.