एडन, याप
(१९ ऑक्टोबर १८७३ – २ फेब्रुवारी १९२५). विख्यात डच स्पीड स्केटिंगपटू (बर्फावरील वेगशर्यतींचा खेळाडू) व सायकलपटू. जन्म ग्रोनिंगन येथे. स्पीड स्केटिंगचा पहिला जगज्जेता म्हणून सामान्यतः त्याचेच नाव घेतले जाते.

यातील ‘पहिला’ या शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. अ‍ॅमस्टरडॅम येथे १८८९ ते १८९१ या वर्षांतही जागतिक अजिंक्यपदाच्या नावाने शर्यती झाल्या. त्यांची अंतरे मैलांत असत. १८९१ मध्ये अमेरिकेच्या जो डॉनह्यूने चारही शर्यती जिंकल्या, म्हणून काही याद्यांत त्याचे नाव आधी येते. तथापि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली ती १८९२ मध्ये. तिच्या नियमांनुसार पहिली स्पर्धा जानेवारी १८९३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमलाच भरली आणि ती एडनने जिंकली. अधिकृत गणना येथून धरणेच अधिक सयुक्तिक वाटते.

तेव्हाचा नियम कडक होता. ५००, १,५००, ५,००० व १०,००० मीटर या चारपैकी किमान तीन शर्यतींत पहिला येणाऱ्यासच अजिंक्यपद मिळे. तसा कोणी न निघाल्यास ते रिकामे राही. १९०७ पर्यंत हीच पद्धत होती. १८९४ मध्ये स्टॉकहोमला असेच झाले, त्यामुळे एडनच्या तीन अजिंक्यपदांत (१८९३, १८९५, १८९६) एका वर्षाचा खंड दिसतो. गुणांची बेरीज करून मिळविलेल्या पुढील काळातील अजिंक्यपदांशी त्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावयास हवे.

त्याचा सर्वांत टिकाऊ पराक्रम मात्र त्या रिकाम्या वर्षातलाच आहे. फेब्रुवारी १८९४ मध्ये नॉर्वेतील हामार येथे त्याने ५,००० मीटर अंतर ८ मिनिटे ३७·६ सेकंदांत तोडले. चारशे मीटरच्या फेरीच्या हिशेबाने पाहता, नैसर्गिक बर्फावर साडेबारा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला सरासरी सुमारे ४१·४ सेकंद! हा विक्रम १९११ पर्यंत अबाधित राहिला. रशियाच्या निकोलाय स्त्रुन्निकोव्हने तो मोडला, तोही अवघ्या ०·४ सेकंदाने.

सायकलीवरही तो हौशी गटात जगज्जेता ठरला : १८९४ मध्ये अँटवर्प येथे १० किमी. शर्यतीत व १८९५ मध्ये कोलोन येथे स्प्रिंटमध्ये (कमी अंतराच्या वेगशर्यतीत). पुढे तो व्यावसायिक सायकलपटू झाला आणि केवळ हौशी खेळाडूंसाठी असलेल्या स्केटिंग स्पर्धांचा मार्ग त्याला बंद झाला. उत्तरायुष्य हलाखीत गेले. हार्लेम येथे त्याचे निधन झाले.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६१ साली सुरू झालेल्या कृत्रिम बर्फाच्या ४०० मीटर धावपट्टीला त्याचे नाव दिलेले आहे.