वेबसाईट करायचीय? आधी फोनशेजारी एक वही ठेवा

नमस्कार,

तुम्ही आमच्याकडे वेबसाईटची चौकशी केलीत म्हणून हे माहितीपत्रक तुमच्याकडे आलंय. पहिल्या भेटीत आम्ही जे तोंडी सांगतो तेच इथे लिहून काढलंय, कारण तोंडी सांगितलेलं निम्मं विसरायला होतं आणि मग अर्ध्या कामात तेच प्रश्न परत निघतात. निवांत वाचा, जमलं तर पेन घेऊन वाचा.

बरेच जण आल्या आल्या मोबाईल पुढे करतात, ही साईट बघा, अगदी अशीच पाहिजे. कोणाला त्यातला रंग आवडलेला असतो, कोणाला वरचे सरकणारे फोटो. अशा लिंक जरूर आणा, तुमची आवड कळायला उपयोग होतो. पण आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: तुम्हाला दिवसभर जे फोन येतात त्यात लोक नेमकं काय विचारतात?

याचं उत्तर पटकन देता येत नाही. रोजचंच झालेलं असतं ना, त्यामुळे लक्षातच राहत नाही. म्हणून आम्ही सांगतो की पंधरा दिवस फोनशेजारी एक वही ठेवा आणि फोनवर, मेसेजवर, समोर येऊन, कोणी काहीही विचारलं की लिहून ठेवा, आणि लिहिताना त्याच्याच शब्दांत लिहा, तुमच्या नको. हे शब्दांचं फार महत्त्वाचं आहे. धंद्यातला माणूस म्हणतो 'वातानुकूलन यंत्रणेची देखभाल', ग्राहक म्हणतो 'एसी गार करत नाहीये', आणि गुगलवर पण तो तेच टाकतो. साईटवर फक्त पहिले शब्द असतील तर तो तुमच्यापर्यंत पोचणार कसा?

पंधरा दिवसांनी वही उघडली की दिसतं, चार-पाच प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत. चालू कधी असता, घरी येऊन करता का, किती दिवस लागतील, साधारण किती खर्च येईल, बिघडलं तर परत कोण बघणार. हे झालं तुमचं होमपेज. खरंच सांगतो, होमपेजवर काय टाकायचं याच्यावर तासन्‌तास मीटिंगा होतात आणि उत्तर त्या वहीत असतं. जे प्रश्न अधूनमधून येतात ते आतल्या पानांवर, आणि जे कोणीच विचारलं नाही त्याला मेन्यूत जागा देताना दोनदा विचार करा.

खर्चाच्या प्रश्नाला सगळे बिचकतात. आकडा टाकला तर स्पर्धकाला कळेल, ग्राहक घाबरेल, वगैरे. आमचं मत असं की ठरलेला आकडा नसेल देता येत तर नका देऊ, पण खर्च कशाकशावर ठरतो ते तरी लिहा, म्हणजे माप, सामान, अंतर, घाई, जे काय असेल ते. विचारणाऱ्याला निदान अंदाज येतो आणि फोन करतो तो तयारीने करतो, दोघांचाही वेळ वाचतो.

पानं किती?

लहान धंद्याला पाच-सात पानं भरपूर होतात. आम्ही काय करतो, कागदाच्या चिठ्ठ्या करतो, एका चिठ्ठीवर एक विषय, आणि त्या टेबलावर पसरून तुम्हालाच गट पाडायला सांगतो. मग तोच खेळ तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्याला देतो. तो जिथे अडखळतो तिथे मेन्यूतला शब्द चुकलेला असतो. 'सोल्युशन्स' या शब्दाखाली काय मिळेल हे कोणालाच कळत नाही, 'दुरुस्ती' म्हटलं की लगेच कळतं. आणि प्रत्येक पानाला एक मुख्य काम असू द्या, माणसाने हे पान वाचून पुढे काय करावं, फोन, ऑर्डर, की भेटीची वेळ घेणं? एकाच पानावर सहा बटणं सारख्याच जोरात ओरडायला लागली की माणूस एकही दाबत नाही.

आधी मजकूर, मग डिझाईन

इथे आम्ही जरा हट्टी आहोत, आधीच सांगून ठेवतो. डिझाईनमध्ये तात्पुरता भरायला 'लोरेम इप्सम' नावाचा मजकूर वापरतात, तो मूळचा रोमन लेखक सिसेरोच्या इसवी सनापूर्वी ४५ मधल्या एका लॅटिन ग्रंथातून मोडतोड करून आलेला आहे. दिसायला छान दिसतो, सगळे परिच्छेद सारखे, सगळी शीर्षकं एका ओळीत बसणारी. मग तुमचा खरा मजकूर येतो, एका सेवेचं नाव दोन शब्दांचं, दुसऱ्याचं नऊ शब्दांचं, आणि तो सुंदर चौकटींचा खेळ मोडून पडतो. म्हणून आम्ही खरा मजकूर हातात आल्याशिवाय रंगाला हात लावत नाही. कच्चा असला तरी चालेल, शुद्धलेखन आम्ही बघतो, पण खरा पाहिजे.

मराठी मजकूर असेल तर दोन गोष्टी. एक म्हणजे तो युनिकोडमध्ये द्या, म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर सारखीच अक्षरं दिसतात त्या पद्धतीत, जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं वेबवर टाकलं की भलतीच अक्षरं दिसतात आणि सर्च इंजिनला त्यातलं काही वाचता येत नाही. दुसरं, देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात त्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. इंग्रजीसाठी केलेल्या तयार टेम्प्लेटमध्ये मराठी ओतली की ओळी एकमेकींत घुसतात, हे आम्ही खूप साईटवर बघतो आणि बघून वाईट वाटतं.

फोटो तुमचे खरे असू द्या. तुमची माणसं, तुमची जागा, तुमचं केलेलं काम. विकत मिळणारे हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो लोक ओळखतात. मोबाईलने काढलेले चालतात, फक्त दिवसा उजेडात काढा आणि लेन्स पुसून घ्या.

मोबाईल आधी

ईथन मार्कोट नावाच्या डिझायनरने २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन' ही कल्पना मांडली, म्हणजे मोबाईलसाठी वेगळी साईट न करता एकच साईट स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलत जाते. आता जवळजवळ सगळे तसंच करतात. गुगलने पण २०१६ मध्ये जाहीर केलं की साईटचं मोबाईलवरचं रूप मुख्य धरणार. म्हणून आम्ही पहिलं रेखाटन मोबाईलचं दाखवतो. पुष्कळ जण ते बघून हिरमुसतात, एवढंसंच का म्हणून, पण त्या अरुंद जागेत सगळ्यात वर काय ठेवायचं हे ठरवायला लागतं आणि त्यातच अर्धं प्लॅनिंग होऊन जातं. फोन नंबर चित्रात नको, अक्षरात पाहिजे, दाबला की कॉल लागला पाहिजे. बटण अंगठ्याने नीट दाबता येईल एवढं पाहिजे.

अक्षरांच्या रंगाबद्दल एक मोजमाप आहे ते आम्ही पाळतो. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात साध्या मजकुराच्या आणि मागच्या रंगाच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असा सांगितलाय, मोठ्या अक्षरांना ३ ला १. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझायनरच्या भारी स्क्रीनवर नाजूक दिसतात, उन्हात उभं राहून मोबाईल बघणाऱ्याला दिसतच नाहीत. ज्यांची नजर अधू आहे त्यांना तर नाहीच. आणि ज्यांना अजिबात दिसत नाही ते स्क्रीन रीडरने साईट ऐकतात, म्हणून प्रत्येक कामाच्या फोटोला आम्ही शब्दांत वर्णन जोडतो. ते वर्णन द्यायला तुमची मदत लागेल, फोटोत कोणतं काम आहे ते तुम्हालाच माहिती.

साईट जड कशामुळे होते?

बहुतेक वेळा फोटोंमुळे. मोबाईलचा फोटो सहज ३-४ एमबीचा असतो आणि तो तसाच चढवला की वाचणाऱ्याचा डेटा जातो आणि पान रखडतं. तोच फोटो योग्य मापात आणून वेबपी नावाच्या हलक्या फाईल-प्रकारात केला की २०० केबीच्या आत पण येऊ शकतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. गुगलचा निकष असा आहे की पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट २.५ सेकंदांच्या आत दिसावी. अजून एक त्रास म्हणजे पान उडी मारतं, तुम्ही बटण दाबायला जाता आणि वरून फोटो येऊन सगळं खाली सरकतं आणि भलतंच दाबलं जातं. फोटोची जागा आधीच राखून ठेवली की हे होत नाही, काम छोटंसं आहे पण कोणीतरी आठवणीने करायला लागतं.

आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि सरकणारे फोटो आम्ही शक्यतो टाळायला सांगतो. फॅशनचं काय होतं ते फ्लॅशच्या, म्हणजे साईटवर हलती चित्रं दाखवायच्या जुन्या तंत्राच्या, वेळी दिसलं. एकेकाळी प्रत्येकाला फ्लॅशमधलं नाचणारं स्वागत-पान पाहिजे असायचं. आयफोनवर ते कधी चाललंच नाही आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट अधिकृतपणे बंद झाला. ज्यांची अख्खी साईट त्यात होती त्यांना सगळं परत करायला लागलं.

डोमेन तुमच्याच नावावर घ्या

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. डोमेन म्हणजे तुमच्या साईटचं नाव, होस्टिंग म्हणजे साईटच्या फायली जिथे राहतात तो कॉम्प्युटर. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. होस्टिंग कधीही बदलता येतं, नाव गेलं की गेलं. आणि नाव कायमचं विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं, एका वेळी किमान १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षं.

आमच्याकडे एक क्लायंट आले होते. त्यांची जुनी साईट ज्याने केली होती त्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. वाईट हेतू नसेलही, सोय म्हणून केलं असेल. पण पुढे त्याने काम बंद केलं, फोन लागेना, मुदत संपली आणि नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतलं. त्याच नावावर त्यांचे सगळे ईमेल होते, तेही थांबले. पाट्या, कार्डं, गाडीवर रंगवलेलं नाव, सगळं बदलायला लागलं. ते समोर बसून सांगत होते आणि आम्हाला त्यांना काहीच परत मिळवून देता आलं नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे की डोमेनचं खातं तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि पासवर्ड तुमच्याकडे, आम्ही फक्त शेजारी बसून भरून देतो. खात्याला जो ईमेल देणार तो रोज बघितला जाणारा पाहिजे, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा नको, कारण मुदत संपायच्या सूचना तिथेच येतात.

साईट आणि वाचणाऱ्यामधली माहिती वाटेत कोणी वाचू नये म्हणून जे कुलूप लावतात त्याचं, म्हणजे एचटीटीपीएसचं, वेगळं टेन्शन घेऊ नका. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर त्याशिवायच्या साईटला 'सुरक्षित नाही' असं दाखवतो, त्यामुळे ते लागतंच, पण लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था त्याला लागणारं सर्टिफिकेट फुकट देते. ते आम्ही बसवून देतो.

वर्डप्रेस घ्यायचं का?

वर्डप्रेस म्हणजे साईटवरचा मजकूर स्वतः टाकायची-बदलायची तयार व्यवस्था. तुम्ही स्वतः दर आठवड्याला काही नवीन टाकणार असाल तर घ्या. २००३ पासून आहे, शिकायला सोपं आहे, पुढे आम्ही नसलो तरी येणारा माणूस सहज मिळेल. पण त्याला सतत अपडेट लागतात, प्लगिन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, जुने राहिले की हॅक होण्याचा धोका वाढतो. वर्षातून दोनदाच बदल होणार असतील तर साधी स्थिर पानं बरी, वेगाने उघडतात आणि सांभाळायला कमी. कुठलंही घ्या, बॅकअप होस्टिंगच्या बाहेर दुसऱ्या ठिकाणी पण ठेवायचा.

आधीची साईट असेल आणि पानांचे वेबवरचे पत्ते बदलणार असतील तर प्रत्येक जुन्या पानावरून नव्या पानाकडे कायमचं वळण, ज्याला ३०१ म्हणतात, ते लावायलाच पाहिजे. नाहीतर गुगलमधून येणारा माणूस 'पान सापडत नाही' वर येऊन पडतो आणि इतक्या वर्षांची ओळख वाया जाते.

चौकशीचा फॉर्म असेल तर तीन रकाने बास, नाव, फोन, काय पाहिजे. बाकीचं तुम्ही फोनवर विचारू शकता. आणि तो फॉर्म कोणाला जातो, स्पॅममध्ये तर जात नाहीये ना, हे महिन्यातून एकदा स्वतः भरून बघा.

साईट लोकांसमोर ठेवायच्या आधी पाच जणांना दाखवतो. जेकब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००० मध्ये मांडलं होतं की पाच जणांकडून बहुतेक अडचणी कळतात, आणि आमचा अनुभवही तसाच आहे. मोबाईल हातात द्यायचा, एक काम सांगायचं, 'रविवारी चालू असतं का ते शोधा', आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मालकांना फार जड जातं, तोंडातून 'तिथे वर बघा ना' निघतंच. पण साईट वापरताना ग्राहकाच्या शेजारी तुम्ही नसणार आहात.

आणि गुगलवर पहिला नंबर? तशी खात्री कोणीच देऊ शकत नाही, गुगल स्वतःच तसं सांगतं. जो देतो त्याच्यापासून लांब राहा. आम्ही गुगलचं सर्च कन्सोल हे साधन जोडून देतो, त्यात लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं, ते शब्द तुमच्या वहीशी ताडून बघू आणि पानं सुधारत जाऊ.

पहिल्या भेटीला येताना ती वही, पाच-दहा खरे फोटो, आवडलेल्या दोन-तीन साईटच्या लिंक आणि जुनं डोमेन असेल तर त्याचं लॉगिन कोणाकडे आहे एवढं शोधून या. वही अर्धीच भरली असेल तरी चालेल, उरलेले प्रश्न आपण बसून आठवू.