व्यावसायिक छायाचित्रकार

मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या मागणीवरून छायाचित्रे काढून देणारी व्यक्ती. ही संज्ञा कसबावर, कॅमेऱ्याच्या किमतीवर किंवा पदविकेवर ठरत नाही. वकील व डॉक्टर यांना लागते तशी सनद भारतात छायाचित्रकाराला घ्यावी लागत नाही. वृत्तछायाचित्रकाराला शासनाकडून मिळणारी अधिस्वीकृतीही परवाना नव्हे. म्हणून व्यावसायिक कोण हे ठरवताना गिऱ्हाईक कोण आणि काढलेले चित्र कोणाचे, हे दोनच प्रश्न उपयोगी पडतात.

लुई दागेर या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये ऑगस्ट १८३९ मध्ये जाहीर झाली. मुंबईत छायाचित्रणाचा धंदा साधारणपणे १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभा राहिला, असे मानणे सुरक्षित ठरते. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ मध्ये निघाली. त्या काळी ‘हौशी’ हे बिरुद मानाचे होते, कारण पैशासाठी काम न करणे हे सभ्य गृहस्थाचे लक्षण समजले जाई. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन ही जोडी स्वतः धंदेवाईक. तरी त्यांनी १८५६–५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रमालेच्या नावात ‘अ‍ॅमॅच्युअर्स’ हाच शब्द आहे.

मुंबईतील पहिला एतद्देशीय व्यावसायिक कोण, याबद्दल दोन नावे पुढे येतात : डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र (काही ठिकाणी हरीचंद) चिंतामण. नारायण दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर व सोसायटीतील क्रियाशील सभासद. मात्र वैद्यकी हा त्यांचा मूळ पेशा असल्याने, वर दिलेली व्याख्या काटेकोरपणे लावल्यास त्यांना या धंद्याचे आद्य म्हणणे थोडे ओढूनताणून होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास सुरू झालेल्या वर्गात शिक्षण घेतले आणि पुढे दीर्घकाळ मुंबईत स्टुडिओ चालवला. त्यांचा दावा अधिक सबळ वाटतो.

व्यावसायिक व हौशी यांतील अंतर काही काळ रसायनांनीच राखले. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांच्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत (१८५१) ईथर व अल्कोहोल यांत विरघळवलेला बंदुकी कापूस, म्हणजे कलोडियन, आयोडाइडसह काचेवर ओतत. काच हातातच चारही कोपऱ्यांकडे कलवून थर सारखा करायचा, जादा द्रव एका कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचा, मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात पट्टी बुडवायची. थर ओला असेपर्यंतच चित्र घेणे व ते विकसित करणे भाग असे. ईथर सुमारे ३५° से. तापमानाला उकळतो, मे महिन्यात मुंबईबाहेर तंबू ठोकून काम करणाऱ्याला त्यामुळे किती मिनिटे मिळत असतील, याची कल्पना करता येते. अंधारखोली, पाणी आणि हमाल यांचा खर्च परवडणारा माणूस एक तर श्रीमंत असे किंवा गिऱ्हाइकांवर जगणारा.

हौशी माणूस व्यावसायिक कसा होतो, याचे ठळक उदाहरण लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). रुडकी येथे अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात लागले. नोकरीत असतानाच छायाचित्रण करू लागले आणि पुढे नोकरी सोडून सिकंदराबाद येथे, तर १८९६ च्या सुमारास मुंबईतही त्यांनी स्टुडिओ थाटला. दादासाहेब फाळके यांनीही गोध्रा येथे काही काळ हा व्यवसाय केला.

आधीच थर चढवून ठेवलेल्या कोरड्या पट्ट्या (१८७१ नंतर) आणि कोडॅक कॅमेरा (१८८८) आल्यावर चित्र घेणे कोणालाही जमू लागले. व्यावसायिकाकडे उरले ते उत्तरेकडून येणाऱ्या प्रकाशाचे काचछत, रंगवलेला पडदा आणि रिटचिंग, म्हणजे निगेटिव्हवर हाताने केलेली दुरुस्ती. देवीच्या रोगाचा व्रण छापलेल्या चित्रात काळा दिसतो, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक असते. तेथे टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा भरल्या की छापताना व्रण नाहीसा होई. वधूपरीक्षेसाठी पाठवायच्या फोटोत हे काम किती चाले, हे सांगायला नकोच.

वृत्तछायाचित्रणात होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे नाव अग्रगण्य आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या व्यारावालांची सुरुवातीची चित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात.

भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. तथापि कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राच्या हक्काचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, गिऱ्हाईक असतो. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राबाबत वृत्तपत्रमालकाचा हक्क मुख्यतः वृत्तपत्रीय प्रकाशनापुरता असतो. छायाचित्रांच्या हक्काची मुदत पूर्वी प्रकाशनापासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी इतर कलाकृतींसारखीच झाली.

निगेटिव्ह मात्र स्टुडिओतच ठेवण्याचा रिवाज होता. छायाचित्र चिकटवलेल्या जुन्या कार्डांच्या पाठीवर निगेटिव्हचा क्रमांक आणि ‘प्रती केव्हाही मिळतील’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापलेला आढळतो. म्हणजे हक्क गिऱ्हाइकाचा असला तरी दुसऱ्या प्रतीसाठी त्याला त्याच जिन्याच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागत. हल्ली लग्नाच्या छायाचित्रकाराशी होणारी घासाघीस अल्बमच्या पानांइतकीच मूळ फायली द्यायच्या की नाही यावरून असते.