दिव्याच्या बोर्डात स्मार्ट रिले बसवून घेताना

स्मार्ट रिले, म्हणजे मोबाइलवरून दिवा चालू-बंद करू देणारा छोटा स्विच, बोर्डाच्या पेटीत, बटणाच्या मागे बसतो आणि नेहमीचे बटणही पूर्वीप्रमाणे चालते. जोडणी 230 व्होल्टच्या लाइनवर होत असल्याने ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. ती करताना कशाकडे लक्ष द्यावे, यासाठी हे पत्रक आहे.

आधी मुख्य एमसीबी (घराची वीज तोडणारा स्विच) उतरवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटणापर्यंत आलेला फेज (वीज आणणारी वायर) चालूच राहतो, आणि घरात इन्व्हर्टर असल्यास बाहेरचा पुरवठा तोडल्यावरही दिव्याच्या लाइनला वीज मिळत राहते. म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा. टेस्टर चालू सॉकेटमध्ये पेटतो ना, हे एमसीबी उतरवण्यापूर्वीच पाहून घ्यावे, म्हणजे नंतर वायरींवर तो पेटला नाही, तर लाइन खरोखर बंद आहे असे समजता येते.

आमच्या रिलेवर चार खुणा आहेत. एलला फेज, एनला न्यूट्रल (विजेची परतीची वायर), ओला दिव्याकडे जाणारी वायर आणि एसला बटणाकडून येणारी वायर जोडावी. काही जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर टाकलेले आढळते. तसे असल्यास ते आधी दुरुस्त करावे, अन्यथा दिवा विझला तरी होल्डरमध्ये फेज राहतो.

खरी अडचण न्यूट्रलची असते. ज्या बोर्डात सॉकेट आहे तेथे न्यूट्रल सहसा मिळतो, परंतु नुसत्या बटणांच्या बोर्डात अनेकदा तो आणलेलाच नसतो. अशा वेळी अर्थिंगची हिरवी वायर एनला जोडण्याचा जुगाड सुचवला जातो, आणि रिले त्यावर चालतोही. घात इथेच होतो. कुठे अर्थिंग तुटले, की तोच फेज रिलेमार्गे फ्रिजच्या किंवा गिझरच्या धातूच्या भागावर उतरू शकतो. शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतल्यास आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडत राहतो. त्यामुळे त्याच सर्किटच्या न्यूट्रलची नवी वायर पाइपमधून ओढून घेणे, हाच उपाय आम्ही सुचवतो, मग त्याला अर्धा दिवस अधिक लागला तरी चालेल. न्यूट्रलशिवाय चालणारे रिलेही मिळतात, पण त्यांच्यावर कमी वॅटचा एलईडी दिवा बंद असतानाही मंद पेटलेला दिसू शकतो.

रिलेवर लिहिलेले 10 अँपिअर पाहून त्यावर गिझर किंवा पंप टाकू नये. एलईडी दिवे सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह ओढतात, म्हणून एका रिलेवर पॅनेल दिव्यांची मोठी रांग जोडल्यास आतले संपर्क चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत.

प्रत्येक वायरची तार पिळून स्क्रूखाली पूर्ण दाबावी. एकही बारीक तार बाहेर राहू नये. वापरात बोर्ड कोमट लागला किंवा जळका वास आला, तर एमसीबी उतरवून वायरमनला बोलवावे, कारण बहुतेक वेळा स्क्रू ढिला झालेला असतो.

बल्ब बदलतानाही एमसीबी उतरवलेलाच असावा: बटण बंद असले तरी घरातील दुसरी व्यक्ती मोबाइलवरून दिवा सुरू करू शकते.